सोलर लावताय? आधी कॉमन मीटरचं बिल कोणाच्या नावावर आहे ते बघा

आमची मुंबईतली जुनी सोसायटी. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल परवडेना, म्हणून गच्चीवर १० किलोवॅटचं सोलर घ्यायचं ठरलं. सभा झाली, कोटेशनं आली, पापड-कुरडया कुठे वाळवायच्या यावर कडाक्याचं भांडणही झालं. पॅनल चढले. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची भानगड नाही, अर्ज आपोआप मंजूर होतो. २०२४ पासून तसा नियमच आहे.

घोडं अडलं ते नेट मीटरच्या करारावर. नेट मीटर म्हणजे कंपनीकडून घेतलेली आणि तिला परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर.

करारावर सोसायटीचा शिक्का, सेक्रेटरी म्हणून माझी सही. वीज कंपनीच्या काउंटरवरच्या साहेबांनी बिल पुढे सरकवलं आणि ग्राहकाच्या नावाखाली पेन टेकवलं. नाव बिल्डरचं! इमारत उभी राहताना जोडणी त्यानं घेतलेली. पुढे सोसायटी नोंदवली गेली, कन्व्हेयन्स झालं, म्हणजे जागा-इमारत सोसायटीच्या नावावर झाली, बिलं आम्हीच भरत आलो, पण नाव काही बदललं गेलं नव्हतं. "मॅडम, ग्राहक ते आहेत. सही त्यांची, नाहीतर त्यांची एनओसी." बिल्डरच्या ऑफिसच्या जागी आता दातांचा दवाखाना आहे. एनओसी काय डेंटिस्टकडून आणू?

नावबदलाचा ऑनलाइन अर्ज भरायला घेतला, तर जुन्या ग्राहकाचं संमतीपत्र जोडल्याशिवाय पुढचं पान उघडेना. फोन केला की "ऑफिसात या", ऑफिसात गेलं की "ऑनलाइनच करा". एका टेबलावर कन्व्हेयन्स डीड चालायचं, शेजारच्या टेबलावर चालायचं नाही. इकडे गच्चीत ऐन एप्रिलचं ऊन, पॅनल नुसतेच तापताहेत आणि मेन स्विचवर लाल टेप. किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरली तर रोजची ४० युनिट पाण्यात. खजिनदार काका हा हिशेब मला रोज लिफ्टमध्ये ऐकवायचे. "चालू करून टाका, कोण बघतंय?" असंही एकानं सुचवलं. तसलं काही करू नका. साधं मीटर उलट्या जाणाऱ्या विजेलाही खपात धरू शकतं, शिवाय ते बेकायदा.

चीड कशाची आली सांगू? मुंबईचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन मार्च २०२२ मध्ये वाजतगाजत आला. २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढं कार्बन उत्सर्जन तेवढंच शोषून हिशेब शून्य. तेही देशाच्या २०७० च्या वीस वर्षं आधी. शहराच्या उत्सर्जनात ऊर्जेचा वाटा ७२ टक्के, आणि वापरली जाणारी वीज बहुतेक कोळशावरची, हेही त्यातच लिहिलंय. आमच्यासारख्यांनी गच्चीवर वीज करावी हे प्लॅनला हवंय. काउंटरवर त्या प्लॅनची कोणाला खबरही नाही.

शेवटी तोंडी विचारणं बंद केलं. "संमतीपत्राऐवजी कोणती कागदपत्रं चालतील ते लेखी कळवावे" असा दोन ओळींचा अर्ज दिला आणि पोचेचा शिक्का घेतला. तोंडी "नाही" सगळेच म्हणतात, लेखी द्यायला कोणी धजत नाही. मग नोंदणी प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स डीड, कमिटीचा ठराव आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र, एवढ्यावर भागलं. अनामत नव्यानं भरली. बिल्डरची जुनी अनामत त्याला लखलाभ. नवीन नावाचं बिल हातात आलं तेव्हा मी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, लग्नपत्रिकेसारखं.

मीटर मात्र झटपट लागलं. काम पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत जोडून द्यायचा नियम आहे. त्याची प्रिंट पर्समध्ये ठेवली होती, काढावी लागली नाही.

हां, एक राहिलंच. बिलावरचा मंजूर भारही (किती किलोवॅटची परवानगी आहे ते) बघा, सोलर त्याच्यापेक्षा मोठं असेल तर तोही वाढवावा लागतो. सोसायटीला केंद्राच्या सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे, पण पॅनलमधले सेलही भारतात बनलेले हवेत. कोटेशनमध्ये 'डीसीआर' (म्हणजे देशी बनावटीचे) असं लिहून घ्या, व्हेंडर ते सोयीस्कर विसरतात. आणि लाइट गेले की बॅटरीशिवायचं सोलरही बंद पडतं. हे सभेतच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर लिफ्ट अडकली की फोन सेक्रेटरीला येतात.

पॅनल धुवायला गच्चीत नळ हवा. सकाळी लवकर धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आमच्याकडे धुळीपेक्षा कबुतरांचाच त्रास जास्त आहे.