फ्रेमसाठी घाट चढणारी माणसं

रत्नागिरीत फ्रेम करून मिळत नाही, असं अजिबात नाही. मिळते, चांगली मिळते, सकाळी टाकली तर कधीकधी संध्याकाळी हातात येते. तरीही आमचे मामा पणजोबांचा फोटो गोधडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवतात आणि साखरपा ओलांडून, आंबा घाट चढून कोल्हापूरला जातात. अंतर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. त्यात फ्रेमचं काम एका खेपेत होत नाही. टाकायला एकदा जायचं, आणायला एकदा. म्हणजे सगळा मिळून पाचशे किलोमीटरचा मामला. "फ्रेम आठशेची आणि डिझेल अडीच हजाराचं," असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मामा ऐकून घेतात आणि घाटात हवा काय छान पडली होती, ते सांगायला लागतात.

मला वाटायचं, हा मामांचा खास छंद असेल. निवृत्त माणसाला बाहेर पडायला निमित्त लागतंच. पण एकदा त्यांच्याबरोबर त्या दुकानात गेले आणि तिथल्या बाकावर मामांच्या जातीची बरीच माणसं बसलेली दिसली. एक जण बेळगावहून आलेला, एक बाई गगनबावड्याच्या घाटातून वैभववाडीकडच्या. सांगलीच्या माणसाला तर तिथं कुणी लांबचा समजतही नव्हतं. सगळ्यांच्या मांडीवर काही ना काही होतं: गुंडाळी, पुठ्ठा, जुन्या साडीत बांधलेलं चौकोनी काहीतरी. गप्पा अगदी जेमतेम. दवाखान्याच्या बाहेर बसतात तसं बसले होते सगळे, आपला नंबर कधी लागतो ते बघत.

दुकान म्हणावं तर ते एवढंसं. भिंतीवर पट्ट्यांचे कोपरे लटकवलेले, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे. सागवानी, पॉलिशच्या, काळ्या, सोनेरी, आणि हल्ली सगळीकडे दिसणाऱ्या फायबरच्या, ज्यांवर लाकडाच्या रेषा छापलेल्या असतात. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा आधी वस्तू बघतात, मग माणूस. फोटो उजेडात तिरका धरतात, पाठीमागून बघतात, कडेला बोट फिरवतात, वासही घेतात. मग म्हणतात, "ठिवून जावा. पंधरा दिवसांनी या." मामा विचारतात, "अण्णा, आठ दिवसांत नाही का जमणार? लांबून येतो हो." त्यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं आहे: "लांबनं येता म्हणूनच सांगतोय, पावणं. दोन हेलपाटं नकोत."

तिथं बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की लांबून आलेल्या एकाही माणसाच्या हातात नवी वस्तू नव्हती. पदवीचं प्रमाणपत्र, सत्काराचं मानपत्र, मुलाचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो हे सगळं जवळच्या दुकानात जातं. बिघडलं तर पुन्हा छापता येतं. गेलेल्या माणसाचा फोटोही जवळच्याच दुकानात जातो, पण त्याचं कारण वेगळं. तो तेराव्याच्या आत हारासाठी तयार लागतो. मोबाइलमधल्या कुठल्यातरी लग्नाच्या फोटोतून चेहरा कापायचा, मागची मंडपाची झालर पुसून निळा पडदा करायचा आणि दोन दिवसांत फ्रेम घरी आणायची. त्या घाईत कोण घाट चढणार? गावातल्या फ्रेमवाल्याला गावातलं मरण फार लवकर कळतं, आणि तो अशा वेळी भावाची घासाघीस करत नाही. ही त्याची माणुसकी मोजायची ठरवली तर कोल्हापूरचे अण्णा कदाचित मागे पडतील.

लांबून येतं ते असतं एकुलतं एक. ज्याची निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. पणजोबांचा पगडीतला फोटो. आजीनं मण्यांतून केलेला कृष्ण. बहिणीनं सासरी जाण्याआधी विणलेलं 'सुस्वागतम्', ज्यातला पोपट जरा कबुतराकडे झुकलेला आहे. त्या दिवशी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे एक गृहस्थ वडिलांची पदकं घेऊन आले होते, रुमालात बांधून. त्या गावात घरोघर फौजी. अण्णांनी पदकं एकेक करून हातात घेतली, फितींचा क्रम विचारला, कागदावर काढून घेतला. पदकांना साधी फ्रेम चालत नाही, आत खोली लागते, नाहीतर काच त्यांना टेकते. हे सगळं चाललेलं असताना गृहस्थांची नजर त्या रुमालावरून हलली नाही. उठताना त्यांनी पावतीही मागितली नाही.

मला वाटतं, माणसं फ्रेमसाठी लांब जात नाहीत. पंधरा दिवस ही वस्तू कुणापाशी सोडता येईल, त्याच्यासाठी जातात. शिंप्याकडे कापड टाकतो तेव्हा फार तर कापड वाया जातं. सोनाराकडे सोनं मोडायला देतो ते वजन करून. इथं वजन नाही, भाव नाही, विमा नाही. पणजोबा हरवले तर अण्णा काय भरून देणार?

आता यात नुसती माया नाही, थोडं शास्त्रही आहे. कोकणात पावसाळाभर भिंतीला ओल असते. फोटो थेट काचेला चिकटवून बसवला, की आतल्या दमटपणानं फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि काचेला धरून बसतो. मग फ्रेम उघडली तर आजोबांचा अर्धा गाल काचेवर आणि अर्धा कागदावर. म्हणून मधे माउंट हवा. खिडकी कापलेला जाड कागद, ज्याच्यामुळे फोटो आणि काच यांच्यात बारीकशी पोकळी राहते. माउंट शोभेचा असतो असा माझा समज होता. मी तर म्हणायचे, पांढऱ्या पट्टीचे कशाला जास्तीचे पैसे! अण्णा म्हणाले, "शोभा ऱ्हाऊ दे. तो श्वास घ्यायला असतोय." फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर अण्णा तो सोडवत नाहीत. काचेवरूनच त्याची नक्कल काढून घ्यायला सांगतात आणि मूळ आहे तसा परत देतात. उगाच धाडस करून दाखवणाऱ्यांतले ते नव्हेत.

माउंटचा कागदही कुठलाही चालत नाही. स्वस्त पुठ्ठ्यातलं आम्ल हळूहळू चित्रात उतरतं आणि खिडकीच्या कडेनं तपकिरी रेघ उमटते. पाठीचा हार्डबोर्ड तोच उद्योग मागून करतो. दहा-पंधरा वर्षांनी कळतं, तोवर फ्रेमवाल्यानं दुकान मुलाला दिलेलं असतं आणि मुलानं तिथं मोबाइलची कव्हरं विकायला घेतलेली असतात. सगळ्यात अवघड म्हणजे कोपरा. पट्टी दोन्ही बाजूंनी बरोबर ४५ अंशांत कापली तरच सांधा मिटतो. जरा चुकलं की चौथ्या कोपऱ्यात नख जाईल एवढी फट राहते. ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून लपवता येते, पण ओल्या लाकडाची फ्रेम असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात लांबी गळते आणि फट उघडी पडते. अण्णा रनिंग फुटाचा भाव सांगतात तो इतर दुकानांपेक्षा थोडा जास्तच असतो. गिऱ्हाईक चुळबुळलं की ते काही बोलत नाहीत, भिंतीवरचा एक जुना कोपरा काढून त्याच्या हातात देतात. गिऱ्हाईक नख फिरवून बघतं आणि गप्प बसतं.

कोल्हापुरातच असं दुकान का टिकलं, याचं मला फार नवल वाटत नाही. या गावात चित्राला गिऱ्हाईक होतं आणि आहे. आबालाल रहिमानांनी इथल्या तळ्याकाठची दृश्यं रंगवली, बाबूराव पेंटरांनी पडदे रंगवता रंगवता सिनेमा काढला. जलरंगाचं वेड तर आजही गल्लोगल्ली आहे. तैलचित्र उघडं टांगलं तरी चालतं, जलरंगाला मात्र काच लागतेच. म्हणजे ज्या गावात जलरंग, त्या गावात फ्रेमवाल्याला काम. शाहू स्मारक भवनात प्रदर्शन लागायचं असलं, की अण्णांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. चित्रकार स्वतः खिळ्यांची डबी धरून उभे. आणि तालमी आहेतच. गदा खांद्यावर घेतलेले, छाती काढलेले पैलवान ओळीनं भिंतीवर. त्या फोटोंच्या काचा वर्षातून एकदा तरी फुटतात, आणि कशानं फुटल्या हे कुणी सांगत नाही.

मुंबईचीही एक गोष्ट अण्णांच्या बाकावर ऐकली, आणि ती खरी आहे. केकू गांधींनी १९४१ मध्ये 'केमोल्ड' नावानं फ्रेमचा धंदा सुरू केला. फ्रेमा दाखवायला चौकट रिकामी ठेवून कसं चालेल? प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्या दुकानात आरा, हेब्बर अशा तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रं लागू लागली. पुढे १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत त्यांचं कलादालनच उभं राहिलं. आधी फ्रेम, मग चित्र, असा तो उलटा प्रवास. ही गोष्ट सांगणारे चित्रकार शेवटी म्हणाले, "आमच्या अण्णांनी मात्र गॅलरी काढली नाही." अण्णा आत खिळे ठोकत होते. तिथूनच म्हणाले, "जागा कुठं हाय?"

मामांच्या घरातली सगळ्यात जुनी चौकट रविवर्म्याच्या लक्ष्मीची. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथून निघालेल्या देवदेवता रेल्वेनं, बोटीनं, बैलगाडीनं कुठल्या कुठे गेल्या. आमच्याकडची लक्ष्मी कुठल्या वाटेनं आली ते कुणाला माहीत नाही. पण कुणीतरी आजेसासूनं तिला जरीची साडी शिवली, टिकल्या लावल्या, मोत्यांची माळ घातली. छापलेल्या चित्राला खरं लुगडं नेसवायची त्या काळी हौस होती. त्यामुळे ती कागदापासून पाव इंच पुढे आलेली आहे. रत्नागिरीतल्या एका दुकानदारानं तिला बघून सुचवलं होतं, "ही टिकली-बिकली काढून टाकू, मग सपाट बसेल." मामांनी तिथल्या तिथं तिला पुन्हा गोधडीत गुंडाळली. माझ्या मते त्यांचा कोल्हापूरचा रस्ता त्या वाक्यानं सुरू झाला.

जायचं सोपं, यायचं अवघड. जाताना कागद असतो, येताना काच. साधी २ मिलिमीटरची काच धरली, तरी दोन बाय तीन फुटांची नुसती काचच पावणेतीन किलोच्या आसपास भरते. वर लाकूड, पाठ, हुक. एसटीत कंडक्टर विचारतो, "ह्याचं तिकीट काढू का?" दुचाकीवर मागच्यानं ती छातीशी धरायची आणि वारा आला की शीड झाल्यासारखं डगमगायचं. मामा गाडीत फ्रेम उभी ठेवतात, आडवी कधीच नाही. आडव्या काचेला मधे आधार नसतो, खड्डा आला की ती तडकते. आंबा घाटातल्या वळणांवर मामी मागं बसून फ्रेमला हात लावून असते. नाव ठेवते, पण हात काढत नाही.

आता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून पट्टी पसंत करता येते. मामांचा मुलगा बाहेरच्या देशात आहे. तिकडे फ्रेम करून घ्यायची म्हणजे इथल्या मानानं खिसा कापल्यासारखं. त्यानं अण्णांना विचारलं, कुरिअरनं पाठवू का? अण्णांनी नकार दिला. कुरिअरचं ते काही घेत नाहीत, कारण फुटलं तर कुणाच्या हातात फुटलं ते कळत नाही. मग काच काढून ॲक्रिलिक घालू, असं ठरलं आणि वस्तू पुढच्या सुट्टीत तो स्वतः बॅगेतून आणणार आहे. म्हणजे आता विमानानं येणारं गिऱ्हाईकही अण्णांच्या खात्यावर.

मी अण्णांना विचारलं, "अण्णा, सगळ्यात लांबून कोण आलं हो तुमच्याकडे?" मला वाटलं दिल्ली म्हणतील, दुबई म्हणतील. त्यांनी हात धुतला, भिंतीकडेला रांगेनं टेकून ठेवलेल्या तयार फ्रेमांकडे बोट केलं. नेलेल्या नाहीत, न्यायच्या राहिलेल्या. म्हणाले, "लांबचं गिऱ्हाईक सांगितलेल्या तारखेला हजर, ताई. ही सगळी जवळची."

रांगेत सगळ्यात पुढे सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या नवराबायकोचा फोटो होता. वर पोलिओ मोहिमेच्या जुन्या पत्रकाचा कागद बांधलेला. तो कुणाचा, म्हणून विचारलं, तेवढ्यात शेजारच्या दुकानातले एक जाडगेले गृहस्थ चप्पल फटफटवत आत आले, अण्णांच्या किटलीतला चहा ओतून घेतला, फोटोकडे नजर टाकली आणि विचारलं, "झाला का हो अण्णा आमचा?"

"झाला की," अण्णा म्हणाले. "तुमचं पोरगं दहावी झालं तवाच झाला."

"मग आज नेतोच," ते म्हणाले, आणि चहा संपवून रिकाम्या हातानं निघून गेले.