हवाबंद बरण्यांची नोंद: टोमॅटो, फरसबी आणि सैल राहिलेला जॅम

या हंगामातील टोमॅटोची खेप पूर्ण झाली असून एक बरणी वगळता सर्व झाकणे घट्ट बसली आहेत. झाकण बसले म्हणजे बरणी सुरक्षित झाली, असे मात्र मी धरत नाही. बरणी थंड होताना आतली वाफ आणि रस आकसतो, पोकळी निर्माण होते आणि झाकण आत ओढले जाते. आतले जंतू मेले की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून काही बिघडलेले दिसले की तो दोष आम्लता, तापमान आणि वेळ यांपैकी कशाशी निगडित आहे, की केवळ दिसण्याचा आहे, हे मी आधी ठरवतो. दुसऱ्या प्रकारातले जवळजवळ सगळे निभावून नेता येते. पहिल्या प्रकारात तडजोडीला जागा नाही.

टोमॅटो नेमका सीमेवर असतो. पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) 4.6 पेक्षा जास्त असलेल्या पदार्थात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक जंतूचे बीजाणू हवाबंद बरणीत रुजून विष तयार करू शकतात, आणि टोमॅटोची आम्लता वाण व पिकण्याची अवस्था यांनुसार या रेषेच्या अलीकडे-पलीकडे होत राहते. त्यामुळे अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बरणीत 1 मोठा चमचा बाटलीबंद लिंबूरस किंवा पाव छोटा चमचा सायट्रिक आम्ल मी आधीच घालून ठेवतो. लिटरच्या बरणीला याच्या दुप्पट. ताज्या लिंबाची आम्लता कमीजास्त असते, म्हणून येथे बाटलीतलाच रस घ्यायचा. चव आंबट लागली तर साखर घालावी, आम्ल कमी करू नये.

या खेपेतील काही बरण्यांत गर वर तरंगला आणि तळाशी पाण्यासारखा रस साचला. चिरलेला टोमॅटो तसाच राहिला की त्यातील विकरे पेक्टिन (गराला घट्टपणा देणारा घटक) तोडतात आणि रस वेगळा होतो. उरलेले टोमॅटो थोडेथोडे चिरून लगेच गरम पातेल्यात टाकले, तेव्हा गर वरपासून खालपर्यंत एकसारखा राहिला. वेगळा झालेला रस निरुपद्रवी असतो. बरणी उघडल्यावर हलवून घेतले की झाले.

दोन बरण्यांत रसाची पातळी बरीच उतरली होती. भरताना हवेचे बुडबुडे काढायचे राहिले, वरची मोकळी जागा चुकली किंवा आच एकदम बदलली, की रस बाहेर ओढला जातो. अशी बरणी रस भरण्यासाठी उघडू नये. झाकण पक्के असेल तर ती टिकते, फक्त वरच्या फोडी काळवंडतात; मात्र निम्मा किंवा अधिक रस गेला असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी.

न बसलेल्या झाकणाचे कारण काठावरच सापडले: टोमॅटोची एक बी, चपटी होऊन काचेला चिकटलेली. काठावर बोट फिरवून टवका उडालेला नाही याची खात्री केली, काठ पुसला, नवे झाकण लावले आणि बरणी पूर्ण वेळ पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवली. हा उपाय पहिल्या 24 तासांतच चालतो.

फरसबीचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिच्यात आम्ल नाममात्र असते आणि उकळत्या पाण्याचे तापमान त्या बीजाणूंना पुरत नाही. त्यासाठी सुमारे 116 अंश सेल्सिअस लागते, जे प्रेशर कॅनरमध्येच (बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवणारे मोठे भांडे) मिळते. कॅनरच्या वाफेच्या नळीवर दाब धरणारे वजन ठेवण्यापूर्वी 10 मिनिटे सलग वाफ जाऊ द्यावी, कारण आत हवा अडकली तर दाब योग्य असूनही तापमान कमी राहते. समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरपर्यंत 10 पौंड दाबाचे वजन आणि त्याहून उंचावर 15 पौंड दाबाचे. अर्ध्या लिटरच्या बरण्यांना 20 मिनिटे. या वेळी मध्येच दाब उतरला, तेव्हा तो पुन्हा चढवून वेळ शून्यापासून मोजली. शेंगा थोड्या जास्त मऊ झाल्या, एवढेच. दाब आपोआप उतरू द्यायचा, वर गार पाणी ओतायचे नाही. तो थंड होण्याचा काळही प्रक्रियेत धरलेला असतो. रोजचा लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, म्हणून तो येथे चालत नाही.

‘खाण्यापूर्वी 10 मिनिटे उकळले तर?’ असे पुष्कळदा विचारले जाते. तेवढ्या उकळण्याने विष नष्ट होते हे खरे, पण ती जादा खबरदारी आहे. कमी शिजवलेल्या बरणीवरचा तो उतारा नव्हे. असे विष वास, रंग किंवा चवीवरून ओळखता येईलच असे नाही, तेव्हा संशयित बरणीतले चाखूनही पाहू नये.

जॅम मात्र सैल राहिला, आणि हा दोष निव्वळ दिसण्याचा. आधी पाण्याचा उत्कलनबिंदू थर्मामीटरने मोजून त्याच्या वर 4 अंशांपर्यंत जॅम थोडाथोडा करून पुन्हा आटवला. थंड बशीवरच्या थेंबाला बोट लावताच सुरकुती पडली. मग नवी झाकणे लावून बरण्यांवर पुन्हा प्रक्रिया केली. बुरशी आलेला जॅम मात्र वरवर खरवडून ठेवू नये, पूर्ण टाकावा.

बरण्यांवरचा पांढुरका थर जड पाण्याचा असतो. कॅनरच्या पाण्यात थोडा व्हिनेगर घातला की तो येत नाही. लोणच्यातला लसूण निळसर झाला तर घाबरण्याचे कारण नाही.

झाकणांवरची आटेवाली कडी काढून, बरण्या धुऊन अंधाऱ्या, गार जागी ठेवल्या आहेत. कडी तशीच राहिली तर सुटलेले झाकण लक्षात येत नाही. पुढची खेप मक्याच्या दाण्यांची असून अर्ध्या लिटरच्या बरण्यांना तेथे 55 मिनिटे लागतील.