विमानाच्या तिकिटातले तीन खिसे

विमानाचं तिकीट काढताना शेवटच्या पानावर ‘टॅक्सेस अँड फीज’ अशी एकच ओळ दिसते. बहुतेक जण तो सगळा आकडा सरकारी कर समजून पैसे भरतात. पण त्या ओळीत तिघांचे पैसे एकत्र असतात: सरकारचे, विमानतळाचे आणि विमान कंपनीचे. कुठली रक्कम कोणाच्या खिशात जाते हे कळलं, तर तिकीट रद्द झाल्यावर हक्काने काय परत मागायचं तेही कळतं. म्हणून पैसे भरण्याआधी ‘फेअर ब्रेकअप’, म्हणजे रकमेची फोड, उघडा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

आधी सरकार. इकॉनॉमीच्या तिकिटावर 5 टक्के जीएसटी लागतो. बिझनेस क्लासला पूर्वी 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. एजंटने दिलेल्या तिकिटावर नावांऐवजी कोड छापलेले असतील, तर ‘के3’ म्हणजे जीएसटी. ‘पी2’ म्हणजे एएसएफ, विमानतळावरच्या सुरक्षेचं शुल्क. देशांतर्गत प्रवासाला ते 200 रुपये आहे आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणून ब्रेकअपमध्ये 236 दिसतात.

दुसरा खिसा विमानतळाचा. ‘आयएन’ म्हणजे यूडीएफ, विमानतळ वापरण्याचं शुल्क. हे विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे जातं. मोठ्या विमानतळांचे दर ‘एरा’ ही नियामक संस्था ठरवते, साधारण पाच-पाच वर्षांच्या हिशेबाने. मुंबईच्या जुन्या विमानतळासाठी 16 मे 2025 पासून लागू झालेला देशांतर्गत दर निघताना 175 आणि उतरताना 75 रुपये असा आहे. परदेशी जाताना इकॉनॉमीला 615 आणि बिझनेसला 695. परत येताना अनुक्रमे 260 आणि 304. उतरण्याचं शुल्क वेगळं कुणी मागत नाही, मुंबईला येणाऱ्या तिकिटातच ते धरलेलं असतं. नागपूरहून मुंबईला येणारा माणूस नागपूरच्या शुल्काबरोबर मुंबईचंही भरतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मुंबईकरांपुढे आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईहून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं सुटू लागली. तिथे एराने सुरुवातीला मंजूर केलेला हंगामी दर देशांतर्गत प्रवासासाठी निघताना 620, उतरताना 270. परदेशासाठी 1,225 आणि 525. गणित करून पाहा. जुन्या विमानतळावरून जाऊन तिथेच परतलात, तर 250 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 295. नवी मुंबईहून हाच प्रवास 1,050 रुपये 20 पैशांना पडतो. माणशी साडेसातशेहून जास्त फरक. चौघांच्या कुटुंबाला तीन हजारांच्या वर. दादर-अंधेरीकडून गाडीने जाणार असाल तर अटल सेतूचा एका बाजूचा 250 रुपये टोल वर. खारघर-पनवेलकरांचे टॅक्सीचे आणि वेळेचे पैसे वाचतात, त्यांना हा फरक परवडूही शकतो. पण ‘नवी मुंबईहून तिकीट 400 रुपयांनी स्वस्त’ असं दिसलं, तर तो आकडा नुसत्या भाड्याचा आहे की सगळं धरून, ते आधी बघा. हे दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे तुमच्या ब्रेकअपमधला आकडाच प्रमाण माना.

दोन वर्षांखालच्या बाळाला यूडीएफ नाही. विमान बदलून 24 तासांच्या आत पुढे जाणाऱ्यालाही मधल्या विमानतळाचा यूडीएफ लागत नाही, मात्र दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर हवेत. नागपूर–मुंबई आणि मुंबई–दुबई अशी दोन स्वतंत्र तिकिटं काढलीत, तर मुंबईत उतरण्याचे 75 आणि निघण्याचे 615 असे दोन्ही लागतात. स्वस्तात पडतं म्हणून तिकिटं तोडणाऱ्यांनी हे जमेस धरावं.

तिसरा खिसा विमान कंपनीचा. ‘वायक्यू’ आणि ‘वायआर’ हे कोड बहुतेक वेळा इंधन अधिभारासारख्या कंपनीच्याच आकारणीचे असतात. कराच्या रांगेत बसले, तरी ते कर नव्हेत. इंडिगोने ऑक्टोबर 2023 मध्ये अंतरानुसार 300 ते 1,000 रुपये इंधन शुल्क लावलं आणि जानेवारी 2024 मध्ये काढून टाकलं. असं शुल्क लावणं-काढणं कंपनीच्या हातात असतं. इंधनावरचा खरा कर तिकिटावर दिसतच नाही. विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो 25 वरून 18 टक्क्यांवर आणला. तो मूळ भाड्यातच मुरलेला असतो.

आता परताव्याचं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच सोडून दिले जातात. ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट म्हणजे सगळं बुडालं, हा समज चुकीचा आहे. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेचा नियम स्पष्ट आहे: तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा विमान चुकलं, तरी वैधानिक कर आणि यूडीएफसारखी विमानतळ शुल्कं प्रवाशाला परत द्यायची. सेलमधल्या आणि मूळ भाडं परत न मिळणाऱ्या तिकिटांनाही हे लागू आहे. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि परतावा देण्याचे वेगळे पैसे कंपनीला घेता येत नाहीत. मुंबईच्या जुन्या विमानतळावरून देशांतर्गत प्रवासाला निघण्याचेच यूडीएफ आणि एएसएफ जीएसटीसह मिळून 442 रुपये 50 पैसे होतात, चौघांचे 1,770.

अडतं ते नो-शोमध्ये, म्हणजे तिकीट रद्द न करता प्रवासाला गेलातच नाही तर. तिकीट रद्दच केलेलं नसल्यामुळे परताव्याची गाडी आपोआप सुरू होईलच असं नाही. मागणी करावी लागते, आणि लवकर करावी. कंपनीच्या फॉर्मवर किंवा ईमेलमध्ये पीएनआर, प्रवासाची तारीख आणि रक्कम लिहा. ‘पैसे मूळ पेमेंटच्या मार्गाने हवेत’ हेही लिहा, कारण क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच, रक्कम ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं. तिकिटं विकणाऱ्या पोर्टलवरून तिकीट काढलं असेल तर पोर्टल स्वतःचं सेवा शुल्क वेगळं कापतं, त्यामुळे कंपनीने किती परत केले ते वेगळं विचारा.

ऑनलाइन बुकिंगसाठी लावली जाणारी कन्व्हिनियन्स फी मात्र सहसा परत मिळत नाही. ती बऱ्याचदा माणशी आणि फेरीनिहाय लागते. चौघांचं जाऊन-येऊन तिकीट असेल तर आठ पट. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याबद्दल द्यावं लागणारं शुल्क, लागत नाही, तेव्हा ‘पेमेंटचा खर्च’ हे कारण तिथे पटत नाही. विमा, देणगी, सीट अशा गोष्टींची खूण आधीच केलेली दिसली तर काढून टाका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं आणि किंमत शेवटी फुगवणं, दोन्हींना मनाई केली आहे.

वेब चेक-इनमध्ये सगळ्या सीटवर किंमत दिसली तरी घाबरून विकत घेऊ नका. सीट न निवडता पुढे जाण्याचा पर्याय शोधा. नाहीच सापडला तर काउंटरवर जा. काउंटरवर बोर्डिंग पास देण्याचे पैसे घेता येणार नाहीत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै 2022 मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी एकाच्या शेजारी बसवणं ही कंपनीची जबाबदारी आहे, त्यासाठी सीट विकत घ्यावी लागत नाही.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, करा आणि तिचा क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर तोच क्रमांक आणि ब्रेकअपचा स्क्रीनशॉट जोडून सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाका. तिकिटं विकणाऱ्या पोर्टलच्या फीबद्दल किंवा आधीच केलेल्या खुणांबद्दल तक्रार असेल, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.