जावा २५० : धूर, दोन सील आणि साबणाचा एक फुगा

मागच्या नोंदीत गाडी किकला लागत होती, पण चालवण्याजोगी नव्हती. तिथून पुढे सांगतो. या वेळचं जवळपास सगळं काम क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन सीलांभोवती, म्हणजे त्याच्या टोकांना हवा-तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांभोवती फिरलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी जावा २५०, टाइप ३५३. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, बोअर ६५ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी आणि त्या एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक होतो. ही रचना मी पहिल्यांदा हाताळली त्या दिवसापासून या गाडीवर जीव जडलाय.

तक्रारी तीन होत्या. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच खाली येत नसे, थोडा वेळ चढाच राही आणि मग एकदम बसे. गरम झाल्यावरही पांढरट धूर थांबत नसे. तिसरी तक्रार मला सगळ्यात उशिरा दिसली: गिअरबॉक्समधलं तेल कमी होत होतं, पण गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर एक थेंबही नव्हता.

पहिल्या दोन तक्रारींवरून मी कार्ब्युरेटर धरला. जेट बदलले, फ्लोटची उंची जुळवली, सुई एक खाच वर केली, परत खाली केली. त्यात दोन महिने गेले. धुरासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल कमी करावं असंही मनात आलं होतं. केलं नाही, हे फार बरं झालं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला जे वंगण मिळतं ते तेवढंच. २५ लिटर पेट्रोलला १ लिटर तेल हे जुनं प्रमाण मी सोडलेलं नाही.

तेल खाली गळत नाही आणि तरी संपतंय, म्हणजे ते इंजिनच जाळतंय. फोर-स्ट्रोकवाल्यांना हे चटकन जाणवत नाही. टू-स्ट्रोकचं क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची बंद पेटी, हा एक पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते आणि पेट्रोल-हवा आत ओढली जाते, पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून वर जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांची सील हा त्या पंपाचा बंदोबस्त. या गाडीत डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच तेलात आहेत, उजव्या बाजूला कोरडा डायनामो. डावं सील गेलं की पोकळी तयार होताना तिकडचं तेल आत ओढलं जातं आणि धूर होतो. उजवं गेलं की फुकटची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन चढं राहतं. पातळ मिश्रणावर तसंच चालवत राहिलं तर पिस्टन जॅम होतो. माझ्याकडे दोन्ही लक्षणं एकाच वेळी होती आणि मी ती एकाच कारणाची समजत होतो.

अंदाजावर इंजिन उघडायचं नव्हतं, म्हणून आधी प्रेशर टेस्ट. कार्ब्युरेटर काढून इनटेकचं तोंड बंद केलं. एक्झॉस्टची दोन्ही तोंडं जाड रबर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी आवळली. जुन्या स्पार्क प्लगचा चिनीमातीचा भाग काढून त्यात नळी बसवली आणि तिला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पंप नि काटा जोडला. त्या काट्यावर ३०० पर्यंतचा आकडा असतो, म्हणजे साधारण ०.४ बार, आणि या कामाला तेवढाच दाब पुरतो. टायरचा पंप जोडू नका, चांगली सीलंही जागेवरून सरकतील. पिस्टन तळाला ठेवायचा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे राहतात आणि सिलिंडर व क्रँककेस एकत्र भरतात.

काटा थांबतच नव्हता. पंप सोडला की दहा-बारा सेकंदांत शून्यावर. डायनामो काढून उजव्या सीलवर साबणाचं पाणी लावलं, तर कडेने बारीक फेस आला. डावं सील आत क्लचमागे झाकलेलं, ते दिसत नाही. मग गिअरबॉक्सचं तेल भरायच्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पापुद्रा धरला आणि धाकट्या भावाला तिथे बसवून मी पंप दाबायला लागलो.

“दादा, थांब थांब, हा फुगतोय!”

त्या भोकावर लिंबाएवढा फुगा आला होता. क्रँककेसमधली हवा गिअरबॉक्समध्ये येते आहे याहून चोख पुरावा मला नको होता. तो फुटला तेव्हा मी उठून दुसऱ्यांदा पंप केला, केवळ परत बघायचं म्हणून.

इंजिन खाली उतरवलं. केसचे स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने सुटले. एका स्क्रूची खाच आधीच कुणीतरी घासून ठेवली होती, तो ड्रिल करून काढावा लागला. केसच्या दोन भागांमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलेल्या जुन्या खुणाही सापडल्या. जोडाचा पृष्ठभाग तिथे खरवडला आहे. मी तो काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासून सपाट केला. ज्यांचं इंजिन अजून उघडायचंय त्यांना कळकळीने सांगतो: केस गरम करा आणि लाकडी हातोडीने ठोका, पण जोडात काही घुसवू नका.

उघडलंच आहे तर बेअरिंगही बदलली. यातला सुंदर भाग म्हणजे ती बसवणं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. ६० मिमीच्या खोबणीला ८० अंश जास्त तापवलं की ती सुमारे ०.११ मिमीने मोठी होते. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं आणि केस हॉट एअर गनने तापवलं. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडाला पाहिजे. बेअरिंग अलगद सोडलं, ‘टक्’ आवाज झाला आणि ते तळाला बसलं. हातोडीला हातसुद्धा लावला नाही.

क्रँक सरळ आहे ना ते बघायला तो व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावलं. दोन्ही टोकांना ०.०२ मिमीच्या आत फिरतोय, त्याला हात लावला नाही.

सीलबद्दल दोन गोष्टी. एक, मी व्हायटॉन या खास रबराची घेतली. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल साध्या रबरापेक्षा ती चांगलं सोसतात. दुसरी, क्रँकच्या दांड्यावर जुन्या सीलच्या ओठाने नखाला लागेल अशी रेघ पाडली होती. नवं सील त्याच रेघेवर बसवलं तर महिनाभरात परत हाच खेळ. म्हणून ते एक मिलिमीटर आत बसवलं, ओठ कोऱ्या धातूवर आला. असं करताना बेअरिंगकडे तेल जाणारं भोक झाकलं जात नाही ना, ते आधी बघा. बसवताना दांड्याच्या खाचेवर पातळ प्लास्टिक गुंडाळलं, नाहीतर ओठ पहिल्याच क्षणी कापला जातो.

जोडल्यावर परत तीच टेस्ट. काटा ३०० वरून पाच मिनिटांत २९० वर. मी ती पाच मिनिटं घड्याळाकडे बघत उभा होतो.

पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, ०.४ मिमी गॅपवर लावले आणि मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. क्रम हाच, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप सरकतं.

मध्ये टाकीही झाली. आतला गंज इलेक्ट्रोलिसिसने काढला: धुण्याचा सोडा लिटरला एक चमचा, टाकीला चार्जरचं ऋण टोक आणि आत कुठेही न टेकणाऱ्या लोखंडी सळीला धन. सळी स्टेनलेसची कधीही वापरू नका, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हायड्रोजनही निघतो, तेव्हा हे काम उघड्यावर आणि ठिणगीपासून लांब. बाहेरचा मूळ रंग मी तसाच ठेवणार आहे. पोपडे आहेत, टाकीच्या बिल्ल्याभोवती रंग उडालाय, तरी तो कारखान्याचा रंग आहे. बिल्ला मात्र ब्रशने साफ केला. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची आद्याक्षरं जोडून झालेला तो शब्द आता स्वच्छ वाचता येतो.

तिसऱ्या किकला सुरू झाली. पहिली पंधरा मिनिटं धूर होताच, कारण सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं तेल जळत होतं. नंतर तो विरळ होत गेला. थ्रॉटल सोडला की इंजिन आता लगेच खाली येतं आणि तिथे ठरतं. तो ठोका मी गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा ऐकला.

आतापर्यंत ६० किमी झाले. प्लग बिस्किटी रंगाचा आहे, म्हणजे मिश्रण ठीक जळतंय. गिअरबॉक्सचं तेल काल रात्री पुन्हा तपासलं, पातळी होती तिथेच आहे. पुढच्या वेळी मागचं चाक, त्याचे चार स्पोक ढिले आहेत आणि रिम डावीकडे झोल मारते.