सुक्या गवताची नोंद

मी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये राहते आणि इथल्या बॅजर गटात स्वयंसेविका आहे. बॅजर म्हणजे जमिनीत बिळं करून राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला प्राणी; त्याच्या बिळांवर आमचा गट लक्ष ठेवतो. तो स्वतः फारसा दिसत नाही, तो रात्रीचा. आम्ही पाहतो त्या त्याच्या खुणा: आडव्या पडलेल्या इंग्रजी डी अक्षरासारखी बिळांची तोंडं, उकरलेल्या मातीचे ढीग, उघड्या खड्ड्यांतली विष्ठा.

फेब्रुवारीअखेरच्या त्या सकाळी गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेबरोबर शेताच्या कडेच्या बिळांवर गेले. तिथली सगळी तोंडं ओल्या मातीनं ठासून बुजवलेली होती. मातीवर फावड्याचे सपाट वळ स्पष्ट उमटले होते.

माझ्या पोटात गोळा आला. बॅजरची मादी बहुतेक फेब्रुवारीतच विते आणि पिल्लं पहिले आठेक आठवडे बिळातच असतात. हातांनी माती उकरावी असं फार वाटत होतं, पण पुरावा मोडला तर सगळंच हातचं जातं. आधी मोजपट्टी ठेवून फोटो काढले, नकाशावरचा संदर्भ क्रमांक लिहिला आणि 101 या पोलिसांच्या बिगर-तातडीच्या क्रमांकावर फोन केला.

वन्यजीव गुन्ह्यांचं काम पाहणारी पोलीस अधिकारी दुपारी आली. शेतावरचा एकजण म्हणाला, "ही जुनी बिळं आहेत, इथं काही राहत नाही." सगळा प्रश्न इथंच अडतो. 1992 च्या बॅजर संरक्षण कायद्यानं बिळाची वाट अडवणं हा गुन्हा आहे. पण बीळ सध्या वापरात असल्याच्या खुणा दाखवाव्या लागतात. बुजवलेल्या बिळावर त्या कुठून दाखवणार?

आमच्या वहीत त्या होत्या. जानेवारीतल्या एका कोरड्या सकाळी बिळापासून कुरणापर्यंत सुक्या गवताचा माग लागला होता. बॅजर अंथरुणासाठी गवताचा भारा हनुवटीखाली दाबून उलट्या पावलांनी आत ओढतो, वाटेत काड्या सांडतात. तारखेसह त्याचे फोटो होते. तारेला अडकलेले केसही ठेवले होते: पांढरट, टोकाजवळ काळा पट्टा. बॅजरचा केस चिमटीत फिरवला तर नीट फिरत नाही, कडा लागतात. कोल्ह्याचा सहज फिरतो. अधिकारी बाईनं स्वतः फिरवून पाहिला आणि वहीच्या पानांचे फोटो घेतले.

तिचं काम झाल्यावर, तिच्यासमोरच, आम्ही हातांनी माती काढली. लांब कॅमेरा लावला. रात्री सव्वानऊला एका तोंडातून पट्ट्यापट्ट्यांचं थोबाड बाहेर आलं. ती चित्रफीत पाहताना मी रडले.

आमच्या घरी गावाकडे गोठा होता. क्षयरोगात गुरं गमावणाऱ्या इथल्या शेतकऱ्याचं दुःख मला परकं नाही. पण बॅजरमुळे हा रोग गुरांत पसरतो म्हणून, त्याच रोगाच्या नावानं 2013 पासून इंग्लंडमध्ये परवान्यानं दोन लाखांहून जास्त बॅजर मारले गेलेत. बॅजरना बीसीजी लस टोचता येते, आणि तो मार्ग मला पटतो. पिल्लांच्या दिवसांत वाट बुजवणं मला कुठल्याच कारणानं पटणार नाही.

ते प्रकरण पोलिसांकडे आहे. आम्हाला त्या बिळांवर दर आठवड्याला जायला सांगितलंय. पुढच्या रविवारी दोन नव्या मुली आल्या. पहिला अर्धा तास आम्ही त्यांना फक्त केस ओळखायला बसवलं.