शिट्टी नसलेला कुकर

आईला व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा स्लो कुकर दाखवला तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "शिट्ट्या किती करायच्या?" म्हटलं आई याला शिट्टीच नाहीये. मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग शिजलं कसं कळणार?"

हसले मी तेव्हा, पण खरं सांगू का, प्रश्न एकदम बरोबर होता. इथे नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला येऊन आम्हाला चार हिवाळे झाले आणि चारही हिवाळे मी त्याच प्रश्नाभोवती फिरतेय. आपण शिट्ट्यांवर वाढलेली माणसं. वरणाला तीन, छोल्यांना सहा, मटणाला "बघ बाई, बकरं कसं आहे त्यावर". शिट्टी म्हणजे आपलं घड्याळ. आणि हे इथलं भांडं म्हणजे चिनी मातीचा जाड लंबगोल डेरा, बाहेरून तापणारं कवच, काचेचं झाकण आणि एक बटण, लो, हाय, वॉर्म. बास. आवाज नाही, वाफेचा फुसकारा नाही, काही नाही. सकाळी सातला लावायचं आणि ऑफिसला निघून जायचं. मला तर पहिल्या दिवशी मीटिंगमध्ये बसून सारखं वाटत होतं की घर पेटलं असणार. (घर पेटण्याचं म्हणाल तर आमचा स्मोक अलार्म मोहरीच्या फोडणीला ओरडतो, लसणाला तर फारच ओरडतो, या डबड्याला मात्र आजवर एकदाही ओरडला नाहीये.)

हा कुकर घेतला तो चिकन अँड डंपलिंग्जसाठी. म्हणजे घेतला नाही, शेजारच्या आजींनी दिला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, राज्याच्या पूर्वेकडच्या शेतीवाल्या भागातल्या, मला हनी म्हणतात आणि नवऱ्यालाही हनी म्हणतात, त्याला अजून त्याची सवय झालेली नाही. मला एकदा सर्दी झाली होती तर त्या एक मोठा डबा घेऊन आल्या, आत पांढरट घट्टसर रस्सा, चिकनचे धागे आणि मऊ लांबट पट्ट्या. मी एक चमचा खाल्ला आणि नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि दोघंही एकदमच म्हणालो, "अरे या तर चकोल्या!"

ज्यांना चकोल्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी, कणकेची पोळी लाटायची, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या आमटीत सोडायचे. कुणी वरणफळं म्हणतं, खानदेशात डाळढोकळी म्हणतात, आमच्या साताऱ्याकडे चकोल्या. भाजी आणायचा कंटाळा आला की चकोल्या, पाऊस पडला की चकोल्या, महिनाअखेर असली की हमखास चकोल्या. आणि आजींच्या डब्यात होतं ते म्हणजे तूरडाळीच्या जागी आळणी. कोंबडी नुसत्या हळद-मिठात शिजवून मसाला घालायच्या आधी पोरांना वाटीत जे गरम पाणी देतात ना, ते आळणी. त्यात चकोल्या. आपल्याकडे हे कुणाला सुचलं कसं नाही देव जाणे, कदाचित सुचलं असेल पण मसाला घालायचा मोह आवरला नसेल.

आजी त्याला डंपलिंग्ज म्हणतच नाहीत बरं का. त्यांच्या भागात ते चिकन अँड पेस्ट्री. मला आधी वाटलं ऐकण्यात काही चूक होतेय, पेस्ट्री म्हणजे आपली अननसाची क्रीमवाली, ती कोंबडीत कशी घालतील. पण तिथे पेस्ट्री म्हणजे मैद्याची पातळ लाटून कापलेली पट्टी. बाकी अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी डंपलिंग म्हणजे सैलसर पीठ चमच्याने रश्श्यावर सोडायचं, बेकिंग पावडरने ते फुगतं आणि वर ढगासारखे गोळे तरंगतात. लाटलेलं खरं की सोडलेलं खरं यावर इथली माणसं जे वाद घालतात ते ऐकून मला मोदक तळणीचा की उकडीचा हे आठवतं. आजींच्या मते तरंगणारे गोळे ही उत्तरेकडच्यांची खोड आहे. त्यांच्या आईच्या वेळी अंडी द्यायची बंद झालेली म्हातारी कोंबडी रविवारी पातेल्यात जायची, ती चिवट, म्हणून तासन् तास शिजवायची, आणि एक कोंबडी दहा तोंडांना पुरवायची म्हणून पिठाच्या पट्ट्या. हे ऐकलं आणि मला एकदम त्यांच्याबद्दल माहेरच्यासारखं वाटलं. पाहुणे वाढले की आमटीत पाणी आणि कणीक वाढवणारी बाई जगात कुठेही असली तरी आपलीच.

तर डबा परत करायला गेले तेव्हा त्यांनी त्यांचा जुना स्लो कुकर माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या मला आता तो उचलत नाही, तू ने. आणि एकच सूचना दिली, झाकण उघडायचं नाही.

मी अर्थातच उघडलं. पहिल्या वेळी मी आजींची पद्धत न वापरता इथल्या घाईतल्या बायकांची वापरली, म्हणजे चिकनच्या मांड्या, कांदा, गाजर, सेलरी, वरून चिकन सूपचा डबा, आणि शेवटी दुकानातली तयार बिस्किटं. बिस्किटं म्हणजे पार्ले-जी नव्हे, इथलं बिस्किट म्हणजे मऊ पावासारखं असतं आणि त्याचं कच्चं पीठ पुठ्ठ्याच्या नळकांड्यात दाबून भरलेलं मिळतं. कागद सोलला की ते नळकांडं फाटकन फुटतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी किंचाळले, मुलगी धावत आली, पीठ ओट्यावर. मग त्याचे चार-चार तुकडे करून रश्श्यात टाकले आणि दर दहा मिनिटांनी झाकण उचलून बघायला लागले की फुगलं का, फुगलं का. दीड तासाने ते बाहेरून बुळबुळीत आणि आतून कच्चं. नवरा म्हणाला चव चांगली आहे. चौदा वर्षांच्या संसारात या वाक्याचा अर्थ मला चांगला कळतो.

आजींना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, किती वेळा उघडलंस? मी खोटं बोलले, दोनदा म्हटलं.

मग मी जरा वाचलं, कारण मला कारण कळल्याशिवाय हात आवरता येत नाही. हे भांडं साधारण अडीचशे वॅटवर चालतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचे चार. आपला प्रेशर कुकर वाफ कोंडून आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास नेतो, हा बिचारा १०० च्या खालीच राहतो, आणि तिथवर पोचायलाच त्याला काही तास लागतात. लो असो की हाय, शेवटी दोन्ही जवळपास त्याच तापमानाला जातात, फरक फक्त किती वेळात जातात एवढाच, हे मला फार उशिरा कळलं. डंपलिंग वरच्या बाजूने शिजतं ते कोंडलेल्या वाफेवर. तुम्ही झाकण उचललं की वाफ गेली, आणि एवढ्याशा विजेवर ती परत जमेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. मी आठ-नऊ वेळा उघडलं म्हणजे हिशेब करा. इडलीपात्राचं झाकण मी मध्येच उघडत नाही, मग हे का उघडलं? कारण इडलीला दहा-बारा मिनिटं लागतात आणि तेवढा धीर माझ्यात आहे, त्यापुढचा नाही.

हे वाचताना एक गोष्ट सापडली ती मला फार आवडली. हा कुकर शिकागोच्या अर्विंग नॅक्सन नावाच्या माणसाने काढला, पेटंट १९४० चं. त्याची आई मूळची लिथुआनियाची ज्यू. ती सांगायची की शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायच्या आत मांस आणि घेवड्याचे दाणे घातलेलं पातेलं गावच्या बेकरीत नेऊन ठेवायचे, भट्टी विझत आलेली, पण तिची धग रात्रभर पुरायची. शनिवारी चूल पेटवायची नाही, पण जेवण गरम. त्या पदार्थाचं नाव चोलंट. तर आईच्या गोष्टीतली विझती भट्टी मुलाने विजेच्या डब्यात बसवली. पुढे १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याची कंपनी घेतली आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणला, आणि नोकरीला जाणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला. शनिवारी हात थांबवणारे लोक आपल्याकडेही होतेच की, अलिबागकडचे बेने इस्रायली ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे.

आणि विझती धग म्हटल्यावर मला आजोळची चूल आठवली. पुढच्या तोंडावर भाकरी आणि बाजूच्या वैलावर आमटी नाहीतर दूध. वैलाखाली वेगळं लाकूड घालत नाहीत, मुख्य चुलीची उरलेली आच तिकडे जाते. आमची आजी भाकऱ्या झाल्या की निखारे मागे सारायची आणि शेताला जायची. दुपारी आली की आमटी तयार. म्हणजे लो वर सहा तास! ती आमटी मध्ये कुणी ढवळत नव्हतं, कारण ढवळायला घरात कुणी नव्हतंच. झाकण उघडायची खोड ही शिट्टीवाल्या पिढीची, माझ्या आईपासून सुरू झाली आणि माझ्यात पक्की झाली असं मी आता ठरवून टाकलंय. आईला सांगितलेलं नाहीये.

आता मी करते ते असं. मांड्याच घ्यायच्या, छाती नको, छातीचं मांस सहा तासांत कोरडं भुसा होतं. मांडीतल्या शिरा-पडदे सावकाश विरघळतात आणि रस्सा बोटांना चिकटतो असा होतो. साधारण दोन पाऊंड, म्हणजे किलोला थोडं कमी. हाडासकट असेल तर उत्तम. फ्रीझरमधून काढून थेट टाकायचं नाही, एवढ्या मंद आचेवर ते कोमट अवस्थेत फार वेळ रेंगाळतं आणि तेच जंतूंना हवं असतं. (तसंच राजमा, तो तर यात थेट घालूच नका, भिजवून, पाणी बदलून दहा मिनिटं खळखळ उकळलाच पाहिजे, नाहीतर पोटाचे हाल होतात.) कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र, थाइम, मिरी जरा सढळ हाताने, चिकन बुडेल एवढं पाणी. लो वर सहा तास. मग मांड्या बाहेर काढून काट्यांनी मांस सोडवायचं आणि परत आत, बटण हाय वर.

पट्ट्यांचं मात्र मी फिरवलंय. आजी मैदा घेतात, तोही दक्षिणेत मिळणारा मऊ गव्हाचा, त्यात लोण्याचा खडा चोळायचा आणि भिजवायचं त्याच गरम रश्श्याने. त्या पट्ट्या जिभेवर विरघळतात. मी अर्धी कणीक घालते. त्याने रस्सा थोडा मातकट दिसतो, इथल्या कुणाला फोटो दाखवण्यासारखा राहत नाही, पण पट्टीला चावायला काहीतरी राहतं, आणि चकोली चावायलाच पाहिजे हे माझं ठाम मत आहे. लाटताना लावलेलं पीठ झटकायचं नाही, तेच रस्सा दाट करतं. एक एक करून सोडायच्या, गठ्ठा टाकला तर गठ्ठाच शिजतो. आणि झाकण. पाऊण तास.

त्या पाऊण तासात मी स्वयंपाकघरात थांबतच नाही. कपड्यांच्या घड्या घालते, नाहीतर मुलीचा अभ्यास घेते, ते तिला अजिबात आवडत नाही. तीच म्हणते, जा ना तू झाकण उघड.

गेल्या डिसेंबरात आई आली. सकाळी आम्ही दोघींनी मिळून सगळं लावलं, ती सेलरीचा वास घेऊन म्हणाली ओव्याचा भाऊ दिसतोय. कणीक आणि मैदा तिने मळून ठेवला, मी निघताना म्हटलं, "आई, एक काम कर, काहीच करू नकोस. झाकण उघडायचं नाही." "अगं मी कशाला उघडू, मला काय करायचंय," म्हणाली. संध्याकाळी साडेपाचला आले, बाहेर अंधार, हात गार, दार उघडलं आणि वास आला. नेहमीचा वास होता, मिरी, थाइम, कोंबडी. पण खाली कुठेतरी आणखी काहीतरी होतं.

"उघडलं होतंस?"

"नाही बाई."

मी झाकण काढलं. वर छान तांबूस तवंग. सिंकमध्ये एक चमचा, त्याच्या दांड्याला कांदा-लसूण मसाला. आई सोफ्यावर पाय वर घेऊन टीव्ही बघत होती, इंग्रजी बातम्या, ज्या तिला एरवी अजिबात आवडत नाहीत. मी काही बोलले नाही, पट्ट्या लाटायला घेतल्या, आणि रात्री एक डबा शेजारी नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आला. त्याच्याबरोबर आजींनी विचारलं होतं की यावेळी मिरीचा कुठला ब्रँड वापरलास, हनी.