५४० ग्रॅम

तालमीतला पोरगा, वय २४, वजन ९५ किलो. पहाटे जोर मारताना कोसळला. कागदावर अकस्मात मृत्यू. हवालदारानं पंचनाम्याबरोबर निकालही आणला होता: "सर, इंजेक्शन घेत असणार." रासायनिक तपासणीसाठी व्हिसेरा, म्हणजे अवयवांचे नमुने, राखलाच, पण माझं लक्ष हृदयाकडं होतं.

आमच्या शवविच्छेदनाच्या अहवालातला सगळ्यात निष्काळजीपणे भरला जाणारा रकाना म्हणजे हृदयाचं वजन. बाई असेल तर २५०, बाप्या असेल तर ३००, काट्याकडं न बघताच. कुणी ठेवलंच काट्यावर, तर आतल्या रक्ताच्या गाठींसकट. मोठ्या रक्तवाहिन्या झडपांच्या जरा वर कापायच्या, कप्पे उघडायचे, गाठी काढायच्या, धुवायचं, टिपायचं, मग वजन. खात्याच्या काट्याचा भरवसा नाही, म्हणून मी स्वतःचा आणलाय. गुजरीतल्या सोनाराच्या वजनांवर तपासून घेतो.

५४० ग्रॅम भरलं. एवढ्या देहाला सव्वाचारशेच्या आसपास मी समजू शकतो.

डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची, भिंत मोजताना आतल्या मांसल दोऱ्या आणि झडपेचे स्नायू सोडून, पट्टी भिंतीला काटकोनात धरावी लागते. तिरकी धरली की आकडा फुगतो. त्यात मरणोत्तर ताठरतेनं आवळलेली भिंत मुळातच जाड दिसते, म्हणून एकट्या जाडीवर मी विसंबत नाही. बाहेरची भिंत दीड सेंटिमीटर, मधला पडदा २.४. हृदयाच्या धमन्या स्वच्छ. व्यायामानं भिंती वाढतात, पण साधारण सारख्या. असा एकटा पडदा फुगला की आनुवंशिक आजाराची शंका येते. तुकडे फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला पाठवले, मत राखून ठेवलं.

बाहेर धाकटा भाऊ उभा, तोही लंगोटातला. वडिलांना म्हणालो, याचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. आणि तोवर जोर-बैठका बंद, कुस्ती बंद. हाच आजार निघाला तर भावात असण्याची शक्यता निम्मी.

वडिलांच्या आधी वस्तादच बोलले, "डॉक्टर, पैलवानाचं हृदय मोठं असतंयच की. मग आमच्या समद्यांचं मोजा."

चुकीचं बोलले नव्हते, तेच डोक्यातून जात नाही. चिठ्ठी लिहून दिली. ती वस्तादांनी घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली.

पॅथॉलॉजीचा अहवाल अजून आलेला नाही. आला की माझं मत पोलीस ठाण्यात जाईल. ते घरच्यांना समजावून सांगणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही.